निंदेला उत्तर : ग्रंथ काय सांगतो?

लग्नसराईत लालबाग-परळहून किंवा गिरगावातून कापडखरेदीसाठी मंगलदास मार्केटात गेलेल्या प्रत्येकाने शेजारची जामा मशीद पाहिलेली असते. जुन्या तलावावर उभारलेली ही मशीद १८०२ साली पुरी झाली. मुंबईच्या मुसलमानांच्या अनेक पिढ्या इथे नमाजाला आल्या. या परिसराच्या इतिहासात तीन शुक्रवार दुःखाचे आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आपल्या धर्माचा कुणी अपमान केला, तर काय करावे?

पहिला शुक्रवार १७ ऑक्टोबर १८५१ चा. 'चित्रज्ञानदर्पण' या गुजराती नियतकालिकाने पैगंबर महंमदांवर लेख छापला आणि सोबत त्यांचे चित्र दिले. संपादक पारशी होते. बहुसंख्य मुसलमानांना पैगंबरांचे चित्र काढणेच मान्य नाही. त्यात शिळाछापावर ते चित्र बिघडले. कुणीतरी त्याची प्रत मशिदीच्या भिंतीवर चिकटवली. नमाज संपल्यावर जमाव बाहेर पडला आणि पारशी वस्तीवर चालून गेला.

दुसरा शुक्रवार १३ फेब्रुवारी १८७४ चा. रुस्तमजी होरमसजी जालभॉय या पारशी गृहस्थांनी पैगंबरांविषयीचे एक पुस्तक गुजरातीत काढले होते. त्यातला मजकूर अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या चरित्रग्रंथावर आधारलेला होता. तक्रार झाल्यावर त्यांनी प्रती पोलिसांच्या हवाली केल्या. पुस्तक बाजारातून गेले, तरी दंगल झालीच. पारशांची घरे आणि अग्यारी यांच्यावर हल्ले झाले, माणसे मेली, शेवटी लष्कर बोलवावे लागले.

तिसरा शुक्रवार आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. २४ फेब्रुवारी १९८९. मुंबईतच जन्मलेल्या सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीच्या निषेधार्थ ब्रिटिश कचेरीवर मोर्चा निघाला. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात पोलिसांनी तो अडवला, गोळीबार झाला आणि १२ माणसे मृत्युमुखी पडली. या कादंबरीच्या आयातीवर भारत सरकारने ऑक्टोबर १९८८ मध्येच, म्हणजे चार महिने आधी, बंदी घातली होती. ज्या पुस्तकापायी बारा घरांतली माणसे गेली, ते पुस्तक मुंबईच्या दुकानांत विक्रीला नव्हतेच.

शुक्रवारचा काही दोष नाही. त्या दिवशी माणसे एकत्र जमतात, एवढेच. आणि त्या माणसांचे दुःख खोटे होते, असेही म्हणता येणार नाही. वारकऱ्यापुढे ज्ञानोबा-तुकोबांविषयी कुणी वेडेवाकडे बोलले, तर त्याच्या मनाला काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. मुसलमानाला पैगंबर स्वतःच्या जिवापेक्षा जवळचे वाटतात. तेव्हा राग का येतो, हे सहज समजते. त्या रागाचे पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याबाबत ज्या ग्रंथासाठी राग येतो, तो ग्रंथच काय सांगतो हे पाहायला हवे.

कुराणात या विषयावर एक-दोन नव्हे, बऱ्याच आयती आहेत. त्यांचा आशय साध्या मराठीत असा सांगता येईल. कुठे ईश्वराच्या वचनांची टिंगल चाललेली ऐकलीत, तर ती मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यात बसू नका (सूरा ४, आयत १४०). तुम्हाला पुष्कळ मनस्ताप देणारे बोल ऐकावे लागतील. अशा वेळी धीर धरणे आणि ईश्वराचे भय बाळगणे हे मोठ्या निर्धाराचे काम आहे (३:१८६). अडाणी माणसे वाद घालायला आली, तर ईश्वराचे नम्र सेवक त्यांना 'सलाम' म्हणतात आणि पुढे जातात (२५:६३). वाईटाला चांगल्याने परतवा, म्हणजे वैरी जिवलग मित्रासारखा होईल (४१:३४).

सहाव्या सूरेतील १०८ वी आयत तर खुद्द मुसलमानांना बजावते. इतर लोक ज्यांची पूजा करतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानाने ईश्वराला शिव्या देतील. आपल्या श्रद्धेचा मान राहावा असे वाटत असेल तर दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखावा, हा व्यवहार इथे धर्माज्ञा म्हणून आला आहे. चाळीत राहिलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

मग कुराणात निंदकाला शिक्षाच सांगितलेली नाही काय? सांगितली आहे. जे ईश्वराला आणि त्याच्या प्रेषिताला दुखावतात त्यांच्यावर या लोकी आणि परलोकी ईश्वराचा शाप आहे, त्यांच्यासाठी अपमानकारक शिक्षा तयार आहे, असे ३३ व्या सूरेतील ५७ वी आयत म्हणते. पण ही शिक्षा करणारा ईश्वर आहे. माणसाने हत्यार उचलावे, असे त्या आयतीत म्हटलेले नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचा विचार केला पाहिजे. सबुरीच्या आयती मक्केतल्या आहेत, तेव्हा मुसलमान दुबळे होते. पुढे मदिनेत सत्ता आल्यावर युद्धाच्या आयती उतरल्या आणि त्यांनी आधीच्या आयती रद्द ठरवल्या, असे काही जण म्हणतात. हे म्हणणारे कडवे मुसलमान असतात, तसेच इस्लामचे कडवे टीकाकारही असतात. या एका मुद्द्यावर दोघांचे छान जमते.

इथे शास्त्राची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. कुराणाच्या अर्थनिर्णयाला 'तफसीर' म्हणतात. ती करणारा विद्वान कुठल्याही आयतीला काही ठरावीक प्रश्न विचारतो. ती केव्हा उतरली, मक्केत की मदिनेत? कोणत्या प्रसंगी उतरली? कुणाला उद्देशून? ती सर्वकाळची आज्ञा आहे, की एका युद्धापुरती? याच विषयावर इतरत्र काय म्हटले आहे? एखादी आज्ञा नंतरच्या आज्ञेने रद्द होते, या कल्पनेला 'नस्ख' असे नाव आहे. जुन्या पंडितांपैकी काहींनी रद्द आयतींची लांबलचक यादी केली होती. पंधराव्या शतकातील इमाम सुयूती यांनी ती सुमारे वीसपर्यंत खाली आणली. अठराव्या शतकात दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनी त्या वीसही पुन्हा तपासल्या आणि जेमतेम पाच शिल्लक ठेवल्या. यादी करणारे मुसलमान पंडित होते आणि तिला कात्री लावणारेही मुसलमान पंडितच होते.

आता आक्षेपाकडे वळू. टिंगल चालली असेल तिथून उठून जा, असे सांगणारी चौथी सूरा मदिनेतली आहे. मनस्ताप सोसून धीर धरा, असे सांगणारी तिसरी सूराही मदिनेतलीच आहे. त्या वेळी मुसलमानांच्या हाती शहर होते, शस्त्रे होती. तेव्हा सबुरी ही केवळ दुबळ्यांची सोय होती, हे म्हणणे ग्रंथाच्या कसोटीला उतरत नाही.

पैगंबरांचे वर्तनही याला जोडून पाहिले जाते. बुखारींच्या हदीस-संग्रहातील दोन प्रसंग सांगतो. मदिनेत काही लोक भेटायला आले आणि 'तुमच्यावर शांती असो' या अभिवादनातील शब्द किंचित मुरडून 'तुम्हाला मरण येवो' असे म्हणाले. पत्नी आयेशा संतापल्या आणि त्यांनी तिखट उत्तर दिले. पैगंबरांनी त्यांना आवरले, ईश्वराला प्रत्येक गोष्टीत सौम्यपणा आवडतो असे सांगितले आणि स्वतः 'तुमच्यावरही' एवढेच म्हणून थांबले. दुसरा प्रसंग अब्दुल्लाह इब्न उबय्य याचा. हा मदिनेचा एक पुढारी. प्रतिष्ठित माणूस हलक्या माणसाला शहराबाहेर काढील, असे तो पैगंबरांना उद्देशून उघडपणे बोलला. उमर यांनी त्याला मारण्याची परवानगी मागितली. महंमद आपल्याच सोबत्यांना मारतो असे लोक म्हणतील, हे कारण देऊन पैगंबरांनी ती नाकारली. पुढे तो माणूस वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीची नमाजही त्यांनी पढली.

रोज अंगावर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची विचारपूस करायला पैगंबर गेले, ही गोष्ट शाळांतून आणि भाषणांतून फार ऐकू येते. ती गोड आहे, पण प्रमाण हदीस-ग्रंथांत ती सापडत नाही. तिच्यावाचून काही अडतही नाही. जे नोंदलेले आहे ते पुरेसे बोलके आहे.

चित्राची दुसरी बाजूही आहे. पैगंबरांविरुद्ध काव्य रचणाऱ्या काअब इब्न अश्रफ याला मदिनेच्या काळात ठार मारण्यात आले. देहदंडाचे समर्थक हा दाखला देतात. त्यावर इतर विद्वानांचे उत्तर असे, की तो नुसता निंदक नव्हता. त्याने मक्केच्या शत्रूंना युद्धासाठी चिथावले होते, म्हणून तो राजद्रोहाचा मामला होता. हा वाद जुना आहे आणि संपलेला नाही.

निंदेला देहदंड हा नियम प्रामुख्याने फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी पुढच्या शतकांत रचलेल्या कायदेशास्त्रात पक्का झाला. दमास्कसमध्ये १२९३ साली एका ख्रिस्ती माणसावर निंदेचा आरोप झाला, शहरात खळबळ उडाली आणि त्यानंतर इब्न तैमिया यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. कडक शिक्षेचे पुरस्कर्ते आजही त्याचा आधार घेतात. पण त्याच्या पाचशे वर्षे आधी कूफा शहरातील इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेने वेगळे मत दिले होते. मुसलमान नसलेल्या प्रजाजनाला केवळ निंदेसाठी देहदंड होत नाही, योग्य ती शिक्षा न्यायाधीशाने ठरवावी, असे ते मत. भारतातील बहुसंख्य मुसलमान स्वतःला याच हनफी परंपरेचे मानतात. आपले कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, तर बोहरा आणि खोजा शिया. मोहम्मद अली रोडवरून भेंडीबाजारापर्यंत दहा मिनिटे चाललात, तर एकाच ग्रंथाच्या तीन-चार अर्थपरंपरा तुमच्या शेजारून जातात. 'इस्लाम असे सांगतो' असे कुणी एका दमात म्हटले, की 'कोणत्या परंपरेप्रमाणे?' असे विचारायला म्हणूनच हरकत नसावी.

एका गोष्टीवर मात्र या परंपरांच्या जाणकारांत फारसा मतभेद नाही. शिक्षा करण्याचा अधिकार राज्याचा आणि न्यायाधीशाचा आहे, रस्त्यावरच्या माणसाचा नाही. 'फतवा' या शब्दाची आपल्याकडे उगाच दहशत आहे. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर विद्वानाने दिलेले मत. तो कोर्टाचा हुकूम नव्हे. भारतात फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे.

कायदा आणि धर्म यांची ही सरमिसळ सोडवण्याचे काम मुंबईतही झाले. चर्चगेटच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ फैजी मुस्लिम कायद्याचे जगन्मान्य पंडित होते. श्रद्धेचा गाभा टिकतो, कायदा काळाप्रमाणे बदलतो, तेव्हा दोन्ही वेगळे ओळखा, असा त्यांच्या १९६३ च्या 'अ मॉडर्न अप्रोच टु इस्लाम' या ग्रंथाचा रोख आहे. बोहरा समाजातील सुधारक असगर अली इंजिनिअर यांनी २०१३ साली मृत्यू येईपर्यंत मुंबईतूनच हा विचार पुढे नेला. दिल्लीचे मौलाना वहीदुद्दीन खान यांनी तर रश्दी प्रकरणानंतर पैगंबर-निंदेच्या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. निंदेला उत्तर युक्तिवादाने द्यावे, शिक्षा हा तिच्यावरचा उपाय नव्हे, हे त्यात त्यांनी कुराणाच्या आधारे मांडले.

उत्तर युक्तिवादाने द्यायचे, म्हणजे नेमके काय करायचे? याचा उत्तम नमुना सर सय्यद अहमद खान यांचा. विल्यम म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६१ पर्यंत पैगंबरांचे चार खंडांचे चरित्र पुरे केले. ते वाचून सर सय्यद फार दुखावले. त्यांनी काय केले? १८६९ साली ते लंडनला गेले, तिथल्या ग्रंथालयांत बसले, पैसे संपले तेव्हा कर्ज काढले, घरची भांडीकुंडी विकायला सांगितले आणि १८७० साली इंग्रजीत उत्तराचा ग्रंथ छापला. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईत पुस्तकाला दगडांनी उत्तर दिले गेले. त्या दंगलीने पैगंबरांची प्रतिष्ठा तसूभरही वाढली नाही.

पण त्याच १८७४ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी महंमद अली रोगे अशा मंडळींनी 'अंजुमन-ए-इस्लाम' स्थापन केली. व्ही.टी.समोरची तिची देखणी इमारत आपण येता-जाता पाहतो. तिथून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी समाजाची मान उंचावली. दीडशे वर्षांनंतर त्या सालातले काय टिकले, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे येऊ. लाहोरच्या एका प्रकाशकाने पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर बोचरी पुस्तिका काढली. तेव्हाच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही, म्हणून १९२७ साली लाहोर हायकोर्टाने त्याला सोडले. त्यावर देशभर क्षोभ झाला आणि त्याच वर्षी दंडविधानात कलम २९५-अ घातले गेले. विधेयकावरील चर्चेत मुंबईचे प्रतिनिधी महंमद अली जीना यांनी एक इशारा दिला होता. धर्माची प्रामाणिक, अभ्यासू चिकित्सा करणारा या कलमात सापडता कामा नये, असा तो इशारा. कलमात म्हणूनच 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने' अशी अट आली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, तेही याच अटीवर बोट ठेवून. २०२४ पासून ते नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे. पण कायदा झाल्यावरही तो प्रकाशक १९२९ साली भोसकला गेला आणि मारणारा तरुण त्याच वर्षी फासावर गेला. दोन घरे बुडाली.

हेतूची ही अट मुसलमानाला परकी वाटण्याचे कारण नाही. बुखारींच्या संग्रहातील पहिलीच हदीस सांगते की, कर्माचे मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरते. धर्मग्रंथ आणि देशाचा कायदा इथे एकाच जागी येऊन उभे राहतात. दुर्दैवाने आपण नेमके हेच विचारायला विसरतो.

मुंबईतलीच दोन उदाहरणे घ्या. २००४ साली मकबूल फिदा हुसेन यांच्या 'मीनाक्षी' या चित्रपटातील एका कव्वालीत कुराणाच्या 'नूर' या सूरेतले शब्द आले होते. ईश्वरी प्रकाशाचे वर्णन नायिकेसाठी वापरले, असा आक्षेप ऑल इंडिया उलेमा कौन्सिलने घेतला. सूफी परंपरेत सौंदर्यात ईश्वराचा प्रकाश पाहण्याची वहिवाट शेकडो वर्षांची आहे. म्हणजे वाद अर्थाचा होता आणि तो अर्थाच्या अंगाने होऊ शकला असता. तो झाला नाही; हुसेन यांनी चित्रपटच काढून घेतला.

दुसरे उदाहरण अधिक बोचते. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावर हल्ला झाला. त्यानंतर उर्दू दैनिक 'अवधनामा'च्या मुंबई आवृत्तीत बातमीसोबत त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापले गेले. संपादक शिरीन दळवी यांनी लगेच जाहीर माफी मागितली. तरीही ठिकठिकाणी तक्रारी झाल्या, त्यांना अटक झाली, जामीन मिळाला. पण ती आवृत्ती बंद पडली आणि तिथल्या लोकांचा रोजगार गेला. बातमी देताना छापलेल्या चित्रामागे अपमानाचा हेतू होता काय, हा प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती. माफी मागणाऱ्याला क्षमा करावी, हे कुराण पदोपदी सांगते, तेही कुणाला आठवले नाही.

हा दोष एकाच धर्माच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुस्तके जाळण्याची, प्रयोग बंद पाडण्याची, चित्रे फाडण्याची हौस आपल्याकडे सर्वांनीच भागवली आहे. आणि दुसरी वाटही आपल्या मातीत आहे. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता तितक्या वेळा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथा मराठी घरात कोण ऐकत नाही? त्याच नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मातली व्यंगे अगदी मोकळेपणाने काढतात आणि शेवटी समेटाला येतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणला हे जमले.

आजकाल अपमानाची बातमी मशिदीच्या भिंतीवर चिकटवावी लागत नाही. ती खिशातल्या मोबाइलवर येते, तीही अर्धी कापलेली. तेव्हा कुठल्याही धर्माच्या माणसाने पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मूळ मजकूर मी पुरता वाचला आहे का? लिहिणाऱ्याचा हेतू काय होता? मी हे पसरवले तर निंदा कमी होईल की वाढेल? आणि मला उत्तर द्यायचेच असेल, तर ते मूळ मजकुरापेक्षा चांगले आहे का? चारही प्रश्न विचारून झाले आणि तरी राग उरला, तर चौथ्या सूरेने सांगितलेला उपाय आहेच. तिथून उठावे आणि आपल्या कामाला लागावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)